मुठीतला बन्सी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे शेत भाताचं; गहू येतो घाटावरून, वाण्याच्या गोणीतून. त्यामुळे गव्हाच्या जातींवर आपण कोकणातली माणसं फारसा वाद घालत नाही. पण सत्यनारायणाचा शिरा करायचा म्हटलं की बाजारात कुणीतरी विचारतंच, ‘बन्सी रवा आहे का हो?’ आज या बन्सीबद्दल बोलू. शास्त्रात याला दुरुम म्हणतात.

परवा मूठभर बन्सी वर्तमानपत्रावर पसरला. लांबट, मधाच्या रंगाचे दाणे, उजेडात धरले तर काचेसारखे. एक दाढेखाली ठेवला तर कट्‌कन आवाज आला. चार-दोन दाण्यांवर मात्र पांढुरके डाग होते. जमिनीत नत्र कमी पडलं की असे डाग येतात, आणि गिरणीत तेवढ्या भागाचा रवा न पडता पीठ होतं.

हा कडकपणा येतो कुठून? चपातीच्या गव्हात 42 गुणसूत्रं असतात, बन्सीत 28. खपली गव्हातही 28च, ती बन्सीची सख्खी नातेवाईक. चपातीच्या गव्हाला एका रानटी गवताकडून गुणसूत्रांचा तिसरा संच मिळाला, त्याला ‘ड’ संच म्हणतात. दाणा मऊ करणारी प्रथिनं याच संचामुळे तयार होतात. बन्सीकडे तो संचच नाही, म्हणून दाणा फुटतो तो कणीदार. तुमचा शिरा मोकळा होतो तो जे नाही त्याच्या जोरावर!

आता जुन्या-नव्याची गोष्ट. इटलीत नाझारेनो स्ट्राम्पेल्ली या संशोधकाने उत्तर आफ्रिकेतल्या एका पारंपरिक गव्हातून निवड करून 1915 साली ‘सेनातोरे कॅपेली’ हा वाण दिला. ताटं दीड मीटरच्याही वर जायची, दाणा उत्तम. पण उंच पिकाला खत जास्त दिलं आणि वारा सुटला की ते लोळतं. भातवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे ‘नोरिन 10’ या जपानी गव्हातला बुटकेपणा मेक्सिकोमार्गे जगभर गेला. 1974 साली इटलीत आलेल्या ‘क्रेसो’ वाणात एका बाजूने कॅपेलीचं रक्त आहे, दुसऱ्या बाजूने हा बुटकेपणा.

गंमत अशी की नोरिनमध्ये बुटकेपणाची दोन जनुकं होती, त्यातलं एक ‘ड’ संचावर. ते बन्सीच्या काय कामाचं? म्हणून आजचे बहुतेक बुटके दुरुम वाण उरलेल्या एकाच जनुकावर उभे आहेत. पीक वाढलं, खत पचू लागलं, शेवया-पास्त्याला लागणारा पिवळा रंग आणि चिवटपणाही वाढला. पण जनुकांचा पाया अरुंद झाला.

नव्या वाणांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस 4028’ हा दुरुम वाण 102 दिवसांत तयार होतो आणि त्यात प्रथिनं 14.7 टक्के आहेत. निफाडच्या संशोधन केंद्राचा ‘गोदावरी’ही तुमच्या रव्यात येऊन गेला असेल. दुसरीकडे गुजरातच्या भाल भागातला भालिया गहू पाणी न देता, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकतो. त्याला 2011 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

मला खटकतो तो जुन्या वाणांना लावला जाणारा ‘शुद्ध देशी’ हा शब्द. जुना वाण शुद्ध कधी नव्हताच. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या गव्हात एकाच वावरात लवकर पिकणारं ताट असे, उशिराचंही असे. काळ्या कुसळाची ओंबी पांढऱ्या कुसळाच्या शेजारी डोलत असे. तांबेरा आला तर काही ताटं जात, काही वाचत. कॅपेली निवडला गेला तोही अशाच एका गर्दीतून. ती गर्दी वावरातून गेली की निवडायला उरतं काय? मग बियाणं बँकेच्या थंड कपाटात शोधावं लागतं. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या ‘इकार्डा’ या शेती-संशोधन केंद्राला आपलं बियाणं वापरता येईना, तेव्हा 2015 साली त्यांना उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या बियाणं-कोठारातून स्वतःचीच ठेव परत मागवावी लागली.

आमच्या शेजारच्या काकी अजून पेजेसाठी वालय हे जुनं भात लावतात. झोडणीच्या वेळी त्यांच्या खळ्यात बसलो होतो. पेंढीत मधूनच वेगळ्या रंगाच्या लोंब्या दिसल्या. म्हटलं, ‘काकी, बियाण्यात मिसळ झालीय तुमच्या.’ हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘असां दे रे. सगळा भात एकाच दिवशी आडवा झाला तर आमी खावचा काय?’

आणि त्या लोंब्याही त्यांनी त्याच ढिगात झोडल्या.

नमस्कार.