उरलेली चार मिनिटं

मंडळी, पावसातही एवढे जण आलात, फार बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुन्या रेकॉर्डींच्या नव्या आवृत्त्या कशा असाव्यात'. त्याकडे येणारच आहे. पण आधी एका कॅसेटबद्दल सांगू द्या. ती बाजूला ठेवली तर माझं म्हणणं उभंच राहत नाही.

रॉक गायक-गीतकार नील यंग कोण, हे या खोलीत सांगायला नको. त्याची 'हार्वेस्ट' तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी असेल. 1972 साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली एलपी. तिच्यातलं 'हार्ट ऑफ गोल्ड' पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसरा कुणी असता तर तसल्याच आणखी चार रेकॉर्डी काढून मोकळा झाला असता. यानं पुढे 'डेकेड' या निवडक गाण्यांच्या संचासोबतच्या टिपणात लिहिलं की त्या गाण्यानं मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे कंटाळा यायला लागला, म्हणून मी कडेच्या चराकडे वळलो. आपण चाहते त्या काळातल्या तीन रेकॉर्डींना अजूनही 'डिच' म्हणजे चराच्याच नावानं ओळखतो. 'टाइम फेड्स अवे', 'ऑन द बीच' आणि 'टुनाइट्स द नाइट'.

त्या चरात तो का उतरला, हेही तुम्हाला ठाऊक आहे. नोव्हेंबर 1972 मध्ये दौऱ्याच्या तालमी चालू होत्या. डॅनी व्हिटन, यंगच्या साथीच्या क्रेझी हॉर्स या बँडचा गिटारवाला, यंगचा जवळचा सोबती. नशेपायी त्याला सूरच धरता येईना. यंगनं त्याच्या हातात पन्नास डॉलर आणि लॉस एंजेलिसचं तिकीट ठेवून त्याला परत पाठवलं. व्हिटन त्याच रात्री वारला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच यंगला मोठमोठ्या सभागृहांत 'हार्वेस्ट' ऐकायला आलेल्या लोकांसमोर उभं राहावं लागलं. त्यांच्यासमोर तो नवी, कुणी न ऐकलेली गाणी वाजवत राहिला, घसा बसला तरी. मुख्यतः त्याच मैफलींचं ध्वनिमुद्रण म्हणजे 'टाइम फेड्स अवे', ऑक्टोबर 1973. आठ गाणी, आठही तोवर न आलेली.

आता कॅसेट. माझा आतेभाऊ, बाळूदादा, बोटीवर होता. 1986 च्या मे महिन्यात तो दोन दिवस आमच्याकडे उतरला, तेव्हा त्याच्या बॅगेत कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या मालाच्या दुकानातून घेतलेली ही एलपी होती. कव्हरवर मैफलीला आलेली गर्दी. दादा म्हणाला, "सकाळी निघायचंय, रात्रीत टेप करून घे." घरात कोरी कॅसेट नव्हती. एक साठ मिनिटांची होती, तिच्या एका बाजूला आईनं आकाशवाणीवरून टेप केलेले अभंग. ती बाजू पुसायची तर मला घर सोडावं लागलं असतं! राहिली दुसरी बाजू, म्हणजे तीस मिनिटं. आणि रेकॉर्ड साधारण साडेचौतीस मिनिटांची.

शेवटचं गाणं 'लास्ट डान्स', जवळजवळ नऊ मिनिटांचं. सोमवारची सकाळ झाली, उठा, कामाला लागा, असं सुरू होतं. मग तो म्हणतो, तुला तुझ्या मर्जीनं जगता येईल, निवांत, हसत. एखादा 'नो' मध्येच येऊन जातो, तो मला तेव्हा नुसता हुंकार वाटायचा. गिटार तापायला लागते आणि खट्! टेप संपली. बटण आपोआप वर.

तो खट् आवाज माझ्यासाठी त्या गाण्याचाच भाग झाला. एकतीस वर्षं. कॉलेजात, नोकरीला लागल्यावर, लग्नानंतर, मी ते गाणं आशेचं गाणं म्हणून ऐकलं. नोकरीचा कंटाळा आला की ऐकायचो. मर्जीनं जगता येईल, आणि खट्!

तुम्ही म्हणाल, विकत का नाही घेतली? मिळतच नव्हती. 'ऑन द बीच'सुद्धा 2003 पर्यंत सीडीवर आली नव्हती, पण आली तरी. 'टाइम फेड्स अवे' यंगनं अडवून धरली होती. ती आपली सर्वांत वाईट रेकॉर्ड, असं तो उघड सांगायचा. त्या दिवसांची आठवणच त्याला नको होती. एलपी परत आली 2014 साली, तीही चार रेकॉर्डींच्या पेटीत, त्यातल्या तीन माझ्याकडे आधीच होत्या. मी थांबलो. 2017 मध्ये सीडी आली आणि मी घेतली. रात्री, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून ऐकली.

खट् वाजायच्या जागी खट् वाजला नाही. गाणं पुढे गेलं. आणि त्या उरलेल्या चार मिनिटांत तो माणूस 'नो, नो, नो' म्हणत सुटतो. म्हणतो कसला, ओरडतो. मघाशी दिलेलं सगळं परत घेतो. मर्जीनं जगता येईल? नाही, नाही, नाही. मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा लावलं. एकतीस वर्षं मी जे गाणं ऐकत होतो ते त्यानं लिहिलेलंच नव्हतं.

(समोरून पाटीलकाका घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं. 'होमग्रोन'ची गोष्ट मात्र टाळता येणार नाही.)

1974-75 मध्ये त्याची जोडीदार, अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेसशी संबंध तुटत असताना त्यानं 'होमग्रोन' ही रेकॉर्ड केली. कव्हरसुद्धा तयार. मित्रांना ऐकवायला बसला, शॅटो मार्मो हॉटेलात. त्याच रिळावर पुढे 'टुनाइट्स द नाइट' होती, 1973 पासून पडून असलेली. 'द बँड' या गटाचा रिक डँको दोन्ही ऐकून म्हणाला, ही दुसरी काढ. यंगनं ऐकलं. 'होमग्रोन' कपाटात गेली ती 2020 च्या जूनमध्ये बाहेर आली. पंचेचाळीस वर्षं! बाहेर काढताना त्यानं चाहत्यांची माफी मागितली, ही 'हार्वेस्ट'नंतर दोनेक वर्षांत तुमच्या हातात यायला हवी होती म्हणून.

दरम्यान तिच्यातली काही गाणी फुटून इकडे तिकडे गेली होती. 'स्टार ऑफ बेथलेहेम' 1977 च्या रेकॉर्डवर, 'लिटल विंग' 1980 च्या. आपण ती तिथे ऐकली, आवडली, पण सुटी सुटी. 'होमग्रोन'वर ती आपापल्या जागी बसली आणि पस्तीस मिनिटांत एक घर मोडताना ऐकू आलं. अशाच कपाटात राहिलेल्या 'क्रोम ड्रीम्स'चं तर विचारूच नका. तिचा दुसरा भाग 2007 ला आला आणि पहिला 2023 ला.

आता पाच मिनिटांत मुद्दा. माझं म्हणणं एवढंच आहे की रेकॉर्ड म्हणजे गाण्यांचा ढीग नाही, क्रम आहे, आणि तिला शेवट आहे. आपल्याकडे खासगी मैफलींची रिळं जपणाऱ्या लोकांना हे पक्कं माहीत असतं. विलंबित कापून नुसती द्रुत दिली तर ते भांडायला उठतात. मग रॉकच्या नव्या आवृत्तीत मूळ आठ गाण्यांच्या शेपटीला तालमीचे तुकडे का जोडता? 'लास्ट डान्स'च्या त्या ओरडण्यानंतर शांतताच हवी. जादा माल द्यायचाय ना, वेगळ्या तबकडीवर द्या.

दुसरं, कपाटातली रेकॉर्ड आधी एकटी काढा, साध्या किमतीत, मग खंडात घाला. यंगच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या 'आर्काइव्ह्ज' या मालिकेचा दुसरा खंड 2020 मध्ये आला तो तीन हजार प्रतींचा, हातोहात संपला. चाहत्यांनी ओरड केली तेव्हा पुन्हा काढला. तिसरा, 2024 चा, 1987 पर्यंतचा, बावीस तबकड्या, 198 गाणी. मी घेतला, मला आवडतो, पण नव्या मुलाला मी तो देणार नाही. त्याला 'हिचहायकर' देईन. 1976 च्या ऑगस्टमधली एक रात्र, एक माणूस, दहा गाणी, 2017 ला आलेली. किंवा 2025 ला आलेली 'ओशनसाइड कंट्रीसाइड'. एका बाजूला एकटा, दुसऱ्या बाजूला साथीदारांसह, जशी 1977 मध्ये ठरली होती तशी.

तिसरं, हे माणूस हयात असताना व्हावं. यंग स्वतः बसून हे करतोय, म्हणून 'होमग्रोन' त्याला वाटत होती तशी आली. 1987 नंतरच्या खंडाची मी वाट बघतोय ती याच भरवशावर.

साउंड इंजिनियर आणि स्ट्रीमिंगबद्दल बोलायचं राहिलं, पण काका उभे राहिलेत. काका, मला चार मिनिटं द्या, बोलणार नाही. सुई मी 'लास्ट डान्स'च्या मध्यावर ठेवतोय, जिथे माझी कॅसेट संपायची तिथे. मागचा पंखा कुणीतरी बंद करा.