शिणाण्याचं तेल, चुलीचा धूर

गणेश पेठेतला मासळी बाजार. सुरमई-पापलेटभोवती गर्दी आहे, पण आपल्याला हवी आहे ती ही कोपऱ्यातली टोपली. हिरव्या कडेचे हे शिंपले म्हणजे शिणाणे. कोकणात ओहोटीला खडकावरून खरवडून काढतात आणि बर्फात घालून घाटावर आणतात. कोकणातलं गिऱ्हाईक सोडलं, तर पुण्यात यांना फारसं कुणी विचारत नाही.

आजचं गिऱ्हाईक आहे एक प्रयोगशाळा. शिणाण्याचं तेल फुप्फुसाच्या पेशींना चुलीच्या धुरापासून वाचवतं का, हे तिला बघायचं आहे.

आधी सफाई. शिंपल्यातून बाहेर आलेली ही दाढी बघा. याच तंतूंच्या जोरावर शिणाणा लाटांचा मार खात खडकाला चिकटून राहतो. ती उपटायची, वाफ द्यायची, की शिंपला उघडतो. आतला नारिंगी गोळा गोठवून निर्वात यंत्रात सुकवतात. मांसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असल्यानं किलोभर गोळ्यांची भुकटी पाव किलोही भरत नाही. तेल लपलेलं असतं या भुकटीत. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये ते विरघळवायचं, गाळायचं, मग या फिरत्या चंबूत द्रावक उडवून लावायचं. तळाशी उरतो तो पिवळसर तपकिरी थर. किलोमागे वीस ग्रॅम मिळालं तरी नशीब! हवा लागली की खवट होतं, म्हणून बाटलीत वरून नायट्रोजन सोडतात. (हे तेल पोटात घ्यायचं नाही. बाजारातल्या कॅप्सूलसाठी कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली ते वेगळ्या रीतीनं काढतात.)

आता धूर. मुळशीकडचं एक घर, ओली लाकडं, हातात फुंकणी. या बाईंनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. धूर आत गेला की फुप्फुसात पांढऱ्या पेशी धावून येतात आणि इलास्टेज नावाचं विकर सोडतात. वायुकोशांच्या लवचीक भिंती ते कुरतडतं. धूर रोजचा असेल तर ही सूज शमतच नाही. माशांतल्या आणि शिंपल्यांतल्या ओमेगा-३ आम्लांपासून शरीर रिझॉल्व्हिन नावाची द्रव्यं बनवतं, आणि त्यांचं काम नेमकं सूज आवरती घेण्याचं. अमेरिकेत १९९४ साली ८,९६० आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आहारात ही आम्लं जास्त, त्यांच्यात सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार, कमी आढळला.

पण त्या पाहणीत धूर सिगारेटचा होता. जगभर धुराच्या प्रयोगांत बहुतेक वेळा सिगारेटच जाळतात. आपल्याकडे चूल आहे, म्हणून इथं बाभळीचं सरपण पेटवलं. पंप तो धूर ओढून या गुलाबी पोषकद्रवातून बुडबुड्यांनी सोडतो, आणि बघता बघता द्रव मळकट होतो. गाळून तो पेशींवर घालायचा. ए५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगपेशी १९७२ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. पुण्यात त्या मिळायला लांब जावं लागत नाही, गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राची पेशीपेढी आहे.

ही ९६ खळग्यांची ताटली. काही खळग्यांत नुसता धूर, काहींत आधी तेल आणि मग धूर. शेवटी पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी तगल्या.

माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. न्यूझीलंडच्या शिणाण्यांच्या तेलाची रशियात झालेली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ४६ जणांवरची, तीही दम्यासाठी. सीओपीडीवर हे औषध नाही, आणि शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी लांबच राहायचं.

पुढचा टप्पा उंदरांचा. त्याला प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते. अर्जात धुराच्या रकान्यात सिगारेट नाही, बाभूळ लिहिली आहे.