पानं गळलेला चाफा मेलेला नसतो

नमस्कार श्रोतेहो, आज चाफ्याबद्दल बोलायचंय, म्हणजे तो जाड फांद्यांचा, पान तोडलं की पांढरा चीक येणारा, खुरचाफा म्हणतात ना, तो. सोनचाफा वेगळा, त्याची तऱ्हा वेगळी.

दर हिवाळ्यात लोक मला हेच विचारतात, की हो आमचा चाफा वाळला, एक पान नाही राहिलं, काय करू? आणि विचारतानाच सांगतात की आम्ही पाणी वाढवलंय! अहो तिथंच घात होतो. पानं गळली म्हणजे झाड झोपलंय, त्याला तेव्हा पाणी नकोच असतं, ओल मुळाशी साचते आणि झाड आतून सडायला लागतं. माझा पहिला चाफा असाच गेला, रोज मायेने तांब्याभर पाणी घालायचे, एक दिवस खोड दाबलं तर अंगठा आत गेला, पिकलेल्या केळ्यासारखं मऊ, आणि कुबट वास. अजून तो अंगठा आठवतो मला.

म्हणून सांगते, शंका आली की फांदी दाबून बघा. टणक लागली, नखाने जरासं खरवडल्यावर साल आतून हिरवी दिसली की झाड जिवंत आहे, गप्प बसायचं. कुंडीत असेल तर खालचं भोक मोकळं आहे ना तेवढं बघा, मातीत भरड वाळू घाला. मूळचं हे झाड मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं, तिथल्या कोरड्या ऋतूची त्याला सवय, पाणी तो त्या जाड फांद्यांतच साठवून ठेवतो. प्लुमेरिया हे त्याचं शास्त्रीय नाव चार्ल्स प्लुमिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञावरून पडलंय.

बरं, फुलं येत नाहीत ही दुसरी तक्रार. ऊन किती मिळतं? निदान 5-6 तास थेट ऊन पाहिजेच, सावलीत तो नुसता उंच वाढतो. आणि युरियासारखं नत्राचं खत सारखं टाकलं तर पानं हातभर होतात, फुलं मात्र नाहीत.

छाटणी जपून हं. फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे सगळी टोकं उडवली तर त्या वर्षीचा बहर बऱ्यापैकी गेलाच समजा. गचपण झालं असेल तर हिवाळा संपता संपता, नवी पानं फुटायच्या आधी, मोजक्याच फांद्या कापा, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, कातडीलाही खाज सुटते. पावसाळ्यात पानं उलटी करून बघत जा, खाली नारिंगी पूड दिसली की तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, ती पानं काढून लांब टाका, झाडाखाली पडू देऊ नका.

आणि कापलेली फांदी, वीतभर असो की हातभर, फेकू नका प्लीज. सावलीत आडवी ठेवा एक-दोन आठवडे, कापलेलं तोंड चांगलं सुकून खडखडीत झालं की मगच मातीत खोचा, ओली लावलीत तर सडते. लावल्यावर एकदा पाणी द्या, आणि मग पानं फुटेपर्यंत माती पार कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी नको, हात आवरा, कितीही वाटलं तरी.