दम टाकणारं इंजिन

(पंचगंगेचा काठ, सकाळ. दोरी ओढल्याचा आवाज.)

एक. दोन. तिसऱ्या ओढीला लागलं.

मे महिना आहे. राजाराम बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, अजून काढलेले नाहीत, म्हणून मागं बोट चालवण्याइतकं पाणी आहे. बोटीच्या पाठीला लावलेलं हे इंजिन जुनं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. बोटवाल्या मामांची तक्रार एवढीच: "रिकामी असली की पळती, माणसं बसली की दम टाकती."

मिस्त्री उद्यमनगरातले, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतले. कोल्हापूरला समुद्र नाही, बोटीची इंजिनं शिकवणार कोण? पण दुधाचे कॅन वाहणाऱ्या राजदूत मोटारसायकली ज्यानं उभी हयात खोलल्या, त्याला टू-स्ट्रोकची नाडी दुसऱ्या कुणी दाखवावी लागत नाही.

(वर्कशॉप. पाण्याच्या पिंपात इंजिन चालू.)

पिंपात ते छान चालतं. बाजूनं पडणारी ही धार बघा. पेन्सिलीएवढी, न तुटणारी. आतला रबरी इंपेलर पाणी ओढतोय, म्हणजे तापण्याची भीती नाही.

मग प्लग निघतात, भोकात सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज बसतं. मामा दोरी ओढतात. वरचा सिलिंडर ११०, खालचा १०५. मिस्त्री आकड्यापेक्षा दोघांतला फरक बघतात. फरक थोडा आहे, म्हणजे पिस्टन आणि रिंगा शाबूत. हे इंजिन भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि तोवर त्याला गेज कुणी लावलंच नव्हतं.

आता प्लग. वरचा चॉकलेटी, खालचा पांढरट. करंट दोन्हीकडं निळा, तडतडीत. पांढरा प्लग सांगतो की खालच्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय. पण ते कुठं अडतंय? पिंपात कळणार नाही, कारण तिथं इंजिनावर ओझंच नाही.

(नदी. लाइफ जॅकेट घातलेली सहा माणसं बोटीत.)

मूठ पूर्ण पिळली. ऐका. आवाज चढतो, आणि बसतो.

मिस्त्री पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहतात. काही फरक नाही. टाकी, नळी, पंप यांच्यावरचा संशय गेला. मग ते चोक अर्धा ओढतात, आणि बोटीनं नाक वर काढलं! हवा कमी झाली, पेट्रोलचं प्रमाण वाढलं, उपाशी सिलिंडर जागा झाला. मिस्त्री हसले ते याच क्षणी. कॅमेरा नेमका मामांवर होता.

(कार्बोरेटर, जवळून.)

हा खालच्या सिलिंडरचा कार्बोरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा. वाटीत हिरवट चिकटा, तळाशी पाण्याचे थेंब. गेल्या पावसाळ्यापासून पेट्रोल तसंच राहिलेलं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं, मग ते आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं का असेना. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, उजेडाकडं धरला, तर भोकातून उजेड येत नाही.

क्लीनर मारायचा, हवा मारायची. पोलादी तार घालायची नाही. पितळ खरवडलं, भोक मोठं झालं, की सगळा हिशेब बिघडला. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, या इंजिनाला लिटरमागं २० मिली. म्हणजे तुंबलेल्या जेटनं पेट्रोलबरोबर वंगणही तोडलं होतं. असंच पळवत राहिले असते तर पिस्टन जाम झाला असता.

(पुन्हा नदी.)

आता इंजिन ओरडतंय, आणि बोट जागची हलत नाही. मामांचा चेहरा बघा.

काठावर आल्यावर मिस्त्री पंख्यावर ऑइलपेंटची एक रेघ मारतात, मधल्या बुशापासून बाहेरच्या अंगापर्यंत, सरळ. वाळली, की पुन्हा एक फेरी. पंखा वर आला तेव्हा रेघेचे दोन तुकडे झालेले, एक इकडं, एक तिकडं. बुश आणि पंखा जोडणारा आतला रबर घसरतोय: बुश फिरतो, पंखा मागं राहतो. इंजिनात ताकदच नव्हती तोवर तो धरून होता. पहिला दोष दुसऱ्याला झाकून होता. घाईतला माणूस जेट साफ करून, पैसे घेऊन गेला असता.

नवा बुश बसला त्या दिवशी आम्ही तिथं नव्हतो.

(महापुराची जुनी दृश्यं.)

राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांतली माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली.

(संध्याकाळ. भरलेली बोट काठाला लागते.)

पंखा वर येतो. नवी रेघ सरळ आहे.

मिस्त्री इंजिन बंद करत नाहीत. ते पेट्रोलची नळी काढून टाकतात आणि बाजूला उभे राहतात. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल जळू दे. आवाज बारीक होतो, अडखळतो. मामा सवयीनं मुठीकडं हात नेतात.

"ऱ्हाऊ दे मामा. मरू दे त्याला आपल्या आपण."