कावळा शिवेपर्यंत

(दृश्य: मुठेचा काठ, सकाळ. घाटाच्या पायऱ्या, ओलं धोतर, पितळी तांब्या.)

पुण्यात शनिवार पेठेच्या कडेला, मुठेच्या काठावर ओंकारेश्वराचं पेशवेकालीन देऊळ आहे. आवारात चिमाजी अप्पांची समाधी आहे आणि शेजारी दशक्रियेचा घाट. सकाळी इथं डोकी भादरलेली, उघड्या अंगाची माणसं गुरुजींसमोर ओळीनं बसतात. त्यांत अधूनमधून एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. सांगितलेलं सगळं तो करतो, पण त्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्न असतो, आणि तो विचारायची ही वेळ नाही हेही त्याला कळत असतं.

आपल्या घरांत 'तुझा देवावर विश्वास आहे का' असं सहसा कुणी विचारत नाही. 'दिवा लावलास का', 'यंदा गणपतीला येणार ना', 'आज चतुर्थी आहे, बाहेर काही खाल्लं नाहीस ना' असं विचारतात. त्यामुळे मनात शंका असलेलं पोर वर्षानुवर्षं निभावून नेतं. आरतीला टाळ्या वाजवायच्या, नमस्कार करायचा, मोदक खायचे. यात खोटेपणा आहे असं आम्हाला वाटत नाही, कारण मोदक, आरती आणि आजी हे सगळं एकच असतं. पण घरात कुणी जातं, आणि पहिल्यांदाच पिंड स्वतःच्या हातात येतो. तिथं नुसत्या टाळ्या वाजवून भागत नाही.

(दृश्य: हात, जवळून. दर्भ, काळे तीळ, लिंबाएवढे पिंड.)

या हाताकडे नीट बघा. जानवं असेल तर ते उजव्या खांद्यावर घेतलेलं आहे. याला अपसव्य म्हणतात. बोटात दर्भाचं पवित्रक. ओंजळीत पाणी आणि काळे तीळ. देवाला पाणी सोडतात ते बोटांच्या टोकांवरून, इथं ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचं. ती जागा पितृतीर्थ. नवख्या मुलाचं पाणी हमखास बोटांवरून जातं, आणि गुरुजी त्याचं मनगट धरून हात उजवीकडे कलता करतात.

समोर एक छोटा दगड आहे, अश्मा. काही घरांत त्याला जीवखडा म्हणतात. अंत्यविधीच्या वेळी खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या मारतात आणि दर फेरीला मडक्याला एक भोक पाडतात. ज्या दगडानं भोक पाडलं तोच हा. दहा दिवस याच्यावर तिलांजली द्यायची आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. विद्युतदाहिनीत सगळं घाईत उरकतं, आणि मडकं फुटल्यावर खडा तिथंच राहून जातो. म्हणून खडा उचलून पंच्याच्या टोकाला बांधण्याचं काम आधीच एका माणसाला सांगून ठेवावं.

'हा दगड म्हणजे आजोबा कसे?' असा प्रश्न मुलाच्या मनात येतो. त्यात गैर काही नाही. पण दहाव्या दिवशी तोच खडा पाण्यात सोडताना त्याची मूठ लगेच उघडत नाही. शंका आणि माया एकाच मुठीत असतात. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

(दृश्य: कठड्यावर कावळे. खाली पत्रावळीवर पिंड.)

आता काकस्पर्श. पिंड मांडून झाले, शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी ठेवलं. कपभर चहा, बटाटेवडा, कुणासाठी तंबाखूची पुडी. सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघणं सुरू झालं.

पाच मिनिटं जातात, मग दहा. एखादी आत्या हळूच म्हणते, 'काहीतरी इच्छा राहिली असणार.' मग एकेक जण पुढे येऊन हात जोडतो. 'आईकडे मी बघेन.' 'धाकटीचं शिक्षण पुरं करेन.' आणि गर्दीतल्या कुणाची तरी नजर त्या मुलाकडे वळते. याचं दवाखान्यात वेळेवर येणं झालं नव्हतं. हा श्राद्ध-पक्ष मानत नाही म्हणतो. याच्यामुळेच तर नाही?

कावळा का येत नाही, याची कारणं घाटावरच दिसतात. पहिलं कारण पोट. या घाटावर कावळ्यांना रोजच अन्न मिळतं. ऊन चढेपर्यंत त्यांचं खाणं झालेलं असतं, आणि भाद्रपदातल्या पितृपक्षात तर गावभर पानं मांडलेली असतात. दुसरं कारण गर्दी. कावळा सावध पक्षी आहे. वीस माणसं पाच पावलांवर उभी राहून रोखून बघत असतील, तर तो कठड्यावरून हलणार नाही. तिसरं कारण नवी वस्तू. चकचकीत ताट किंवा फडफडणारी प्लास्टिकची पिशवी जवळ असली की तो बिचकतो. म्हणून विधी शक्य तितक्या सकाळी ठेवावा. पिंड उघड्यावर, उंचवट्यावर, साध्या पानावर ठेवावा. माणसांनी पंधरा-वीस पावलं मागे जावं आणि आपसांत बोलत राहावं. कुत्रं येणार नाही एवढं एकानं बघावं. राखाडी मानेचा गावकावळा असो की पूर्ण काळा डोमकावळा, त्यानं काही फरक पडत नाही.

तरीही नाही आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुरा होतो. म्हणजे कावळा कधी येणारही नाही, हे परंपरेनंही धरलेलंच आहे. एका पक्ष्याच्या भुकेवरून वीस वर्षांच्या पोराला अपराधी ठरवणं सरळसरळ अन्याय आहे, आणि तो थांबवायची पहिली जबाबदारी घरातल्या मोठ्यांची आहे. आईकडे बघण्याचं वचन मात्र मोलाचं. कावळा आला किंवा न आला, ते चार माणसांसमोर दिलेलं आहे.

(दृश्य: घाटावरून वर, पुलाकडे.)

घाटाजवळच हा पूल आहे. त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले. पुढे प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत अस्पृश्य मानलेल्यांच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. धर्माला प्रश्न विचारत धर्मातच राहिलेला हा माणूस. आणि याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी, फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांची निर्दोष सुटका केली.

ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर कित्येक वर्षं झटले, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. 'त्या कायद्यानं पिंडदानसुद्धा बंद होणार' असं तेव्हा गावोगाव सांगितलं गेलं, आणि अनेक तरुणांच्या कानावर आजही तेच आहे. प्रत्यक्षात कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल, तर घरात, देवळात, दर्ग्यात केलेली प्रार्थना, उपासना, धार्मिक विधी, तसंच वारी आणि कीर्तन या कायद्याच्या बाहेर ठेवलेले आहेत. गुन्हा ठरतो तो अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणं, दहशत बसवणं, भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. तक्रार घ्यायला पोलिसांमध्ये दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे.

हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण भीती विकणारे तरुणांनाच गाठतात. स्पर्धा परीक्षा दोनदा हुकली, लग्न जमेना, की 'तुमच्या घरी कुणाचं तरी करायचं राहिलंय' हे वाक्य येतं. मुलगा देव मानत नसला तरी ते वाक्य डोक्यात राहतं. श्रद्धा गेली तरी भीती लगेच जात नाही. ती हळूहळू, मागून जाते.

(दृश्य: घाटावर आलेल्या बायका, मुली.)

मुलींची शंका वेगळ्या जागी असते. आईची शेवटची दोन वर्षं जिनं काढली, तिनं मागे उभं राहायचं आणि पाणी मात्र चुलत भावानं द्यायचं. पुण्याला याचं उत्तर फार पूर्वी मिळालेलं आहे. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, धरणार म्हटल्यावर भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. आजही हे करता येतं. पुण्यातल्या ज्ञानप्रबोधिनी या संस्थेच्या पद्धतीत स्त्रिया पौरोहित्य करतात, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात, आणि मुलगी पिंड देऊ शकते. फक्त गुरुजींना फोनवर आधीच विचारायचं, 'मुलगी करणार आहे, चालेल ना?' घाटावर पोचल्यावर हा विषय निघाला की तो बहुतेक वेळा मुलीच्या विरोधात मिटतो.

बौद्ध घरांतला पेच आणखी निराळा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. तिथं त्रिसरण, पंचशील आणि जलदान विधी होतो. पण गावाकडे एखादी म्हातारी आजी गुपचूप घराच्या कोपऱ्यावर कावळ्यासाठी घास ठेवते, आणि आजीला अडवावं की बघून न बघितल्यासारखं करावं, हे नातवाला ठरवावं लागतं. आमच्या मते, आजीला घास ठेवू द्यावा.

(दृश्य: रात्रीची खोली, बंद केलेला पंखा, उशी.)

ज्यांना विधी नकोच आहेत, त्यांच्यासाठी नेत्रदान आणि देहदान आहे. इथं मन पक्कं असून भागत नाही, घड्याळही सांभाळावं लागतं. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं. पापण्या मिटायच्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली दोन उशा द्यायच्या, पंखा बंद करायचा, कारण वाऱ्यानं बुबुळ सुकतं. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, वीसेक मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. नेत्रदान झाल्यावर नेहमीसारखे अंत्यसंस्कारही करता येतात. हे कळलं की निम्मा विरोध मावळतो.

देहदान जास्त वेळा फसतं. भरलेला अर्ज कपाटात असतो, पण प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातलगांची संमती लागते, आणि पहाटे तीन वाजता मामा आणि काका तयार नसतात. अपघाती मृत्यू असेल, शवविच्छेदन झालं असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, तर वैद्यकीय महाविद्यालय देह घेत नाही. घरी मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला हातात असल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

नदीत राख सोडायची नाही म्हणून झाडाखाली घालणाऱ्यांसाठी एक सूचना. राख क्षारयुक्त असते. सगळी एकाच खड्ड्यात ओतली तर रोप जळतं. दोन-तीन मुठी राख भरपूर माती आणि शेणखतात मिसळा, उरलेली मोकळ्या जमिनीत पातळ पसरा.

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजच्या दारावर चिकटवलेला कागद.)

हे सगळं ठरवायची वेळ आज आहे, आई-बाबा चालते-बोलते असताना. 'तुम्ही गेल्यावर' अशी सुरुवात केली की ताटावरून उठतील, म्हणून शेजारपाजारी कुणी गेलं की त्याच आठवड्यात विचारावं, 'तुम्हाला काय आवडेल?' उत्तरं बहुतेक वेळा सगळं किंवा काहीच नको अशी येत नाहीत. 'डोळे द्या, पण दहावा घाटावर करा.' 'पिंड नको, पण तेराव्याला गोडाचं करा, माणसं जेवून जाऊ देत.' 'अस्थी गोदावरीतच सोड, बाकी तुला पटेल ते.' आहे तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. खाली तारीख, त्यांची सही, आणि घरातल्या आणखी दोघांच्या सह्या. त्यातली एक सही मामाची असू द्या. कागद लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री लॉकर उघडत नाही. फ्रिजच्या दारावर लावा, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नेत्रपेढीचा आणि घरच्या डॉक्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहा.