एकटा उतरलेला टायर

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की नागपूर भागातल्या वाडी, कापसी, कळमना, जिथं जिथं ट्रक उभे राहतात तिथून मला एकच प्रश्न येतो. पहाटे गाडी चालू केली की टायरच्या हवेचा दिवा लागतो. पिवळा, कंसात उद्गारचिन्ह असलेला. उन्हं चढली, गाडी थोडी धावली की आपोआप विझतो. मग हा दिवा खोटा आहे का? सेन्सर काढून टाकू का?

काढू नका. दिवा बरोबर सांगतो आहे. हवा गार झाली की तिचा दाब उतरतो. दर साडेपाच-सहा अंशांमागे मोटारीच्या टायरमध्ये साधारण 1 पाउंड. ट्रकच्या टायरमध्ये शंभराच्या वर हवा असते, तिथं हीच घट 2 पाउंडांहून थोडी जास्त. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी 30 अंश आणि पहाटे 10 हे नेहमीचंच. म्हणजे ट्रकची 8 पाउंड हवा रातोरात कमी दिसणार. गाडी धावून टायर तापला की ती परत वर येते आणि दिवा विझतो.

पण ऐका, थंडीनं सगळे टायर सारखे उतरतात. सगळे उतरले तर थंडी. एकटा उतरला तर गळती. पुन्हा सांगतो, सगळे उतरले तर थंडी, एकटा उतरला तर गळती.

हे आमच्या भाऊजींच्या गाडीवर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भाऊजींचा दहा चाकी ट्रक 2012 सालचा. कंपनीतून आला तेव्हा त्यात असला दिवा नव्हता. त्यांच्या मुलानं मागं लागून व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे सेन्सर लावून घेतले आणि केबिनमध्ये एक छोटा स्क्रीन. त्यावर दहाही टायरचे आकडे एकामागून एक फिरतात, कमी झाले की लाल होतात आणि पीं-पीं आवाज येतो.

अंबिया बहाराचा संत्रा काटोलला रात्रभर भरला होता. माल हैदराबादला जायचा. नागपूरपर्यंत मी सोबत निघालो. अंधार होता, काचेवर दव. गाव सोडलं आणि स्क्रीन ओरडायला लागला. भाऊजींनी तिकडं न पाहता बटण दाबून आवाज बंद केला.

मी म्हटलं, "भाऊजी, बघा तरी काय म्हणतो ते."

"काहून बघू? थंडीनं लागून राहिला तो. रोजचंच आहे. फेटरी आली का जाते आपोआप."

मी आकडे फिरताना पाहत बसलो. भाऊजी 105 पाउंड हवा ठेवतात. स्क्रीनवर 98, 97, 98, 97. मग मधल्या एक्सलचा डावा आतला टायर आला. 72. पुन्हा सगळे आकडे फिरले, पुन्हा 97, 98, आणि तो आता 71.

"भाऊजी, गाडी घ्या बाजूला. एकच उतरून राहिला."

त्यांनी लगेच ऐकलं, हे मी मुद्दाम सांगतो. पण जिथल्या तिथं ब्रेक मारला नाही. वेग हळूहळू कमी केला आणि पुढच्या ढाब्याच्या आवारात, दिव्याखाली, गाडी रस्त्यापासून पूर्ण आत घेतली. पार्किंग लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही आणि अर्धा ट्रक डांबरावर, असं उभं राहणं मला अजिबात सहन होत नाही. उभ्या ट्रकला मागून धडकून आपल्या भागात किती घरं उजाड झाली. टायरच्या काळजीपेक्षा ती काळजी आधी घ्या.

बाहेरून पाहाल तर गाडी अगदी ठीक. जोडचाकात, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी असतात तिथं, हाच धोका असतो. आतला टायर बसला तरी बाहेरचा भार उचलतो, त्यामुळं गाडी झुकलेली दिसत नाही. इकडं बाहेरच्यावर दोघांचा भार आणि आतल्याच्या भिंती दर फेऱ्याला दुमडून तापत राहतात. असा टायर फुटतो, कधी पेटतोही.

क्लीनर पोरगा टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरला. बाहेरच्या टायरवर मारली, टण्ण. हात आत घालून आतल्यावर मारली, भद्द.

"उस्ताद, आतला बसला."

मी आत हात घातला. इतक्या गारठ्यात आतल्या टायरची भिंत चांगली गरम लागत होती, शेजारची थंडगार. खिळा कुठं दिसेना. मग ढाब्यावरून भांडी घासायचा साबण मागितला, मगात फेस केला आणि बाहेरच्या डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाच्या, भोकातून आतल्या व्हॉल्व्हवर सोडला. फेसाचे बुडबुडे येत होते ते सेन्सरच्याच बुडातून! सेन्सर फिरवून काढला, आणि हवा जायची थांबली. आतल्या रबरी वॉशरला चीर गेली होती. हे सेन्सर दाब मोजायला व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतात. वॉशर कडक झाला, चिरला, की हवेला वाट मोकळी. जुन्या गाडीवर असे सेन्सर असतील तर दर हिवाळ्याच्या सुरुवातीला साबणाचं पाणी घालून पाहा. वॉशर अगदी किरकोळ पैशांचा असतो.

भाऊजी म्हणाले, "चला, सापडलं. आता हवा मारू अन् निघू. माल खोळंबून राहिला."

मी म्हटलं, "हवा नाही मारायची. हा टायर 105 च्या जागी 72 वर लोड घेऊन धावला. खोलून पाहिल्याशिवाय यात हवा नाही."

थोडी खडाजंगी झाली. मग जॅक लागला, स्टेपनी चढली. स्टेपनीवरून आठवलं. 2020 साली नियम बदलला. चालकासह 9 आसनांपर्यंतच्या गाडीत टायर दुरुस्तीचं किट आणि हवेची सूचना देणारी यंत्रणा असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. मला हे पटलेलं नाही. टायरची भिंत फाटली तर किटमधला चिकट द्रव काय करणार? मेळघाटात रात्री अडकलेल्या कुटुंबाला विचारा. गाडी घेताना स्टेपनी मागून घ्या, पैसे जास्त पडले तरी.

तर, वाडीला येऊन टायर खोलला. आतल्या भिंतीवर पूर्ण गोलाईत काळसर पट्टा उठला होता. बोट फिरवलं तर बोटाला रबराचा भुगा लागला. कमी हवेवर धावलेल्या टायरची ही खूण. आतले धागे थकलेले असतात, त्यात पूर्ण हवा भरली की भिंत फाटते, आणि समोर बसतो तो हवा भरणारा माणूस. भाऊजींनी स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि काही न बोलता टायर भंगारात दिला.

आता बाकीचं थोडक्यात. दिवा लागला की गेजनं मोजा, आणि टायर थंड असताना मोजा. गाडी निदान तीन तास उभी असावी. लाथ मारून हवा कळत नाही. किती हवा हवी ते लहान गाड्यांत चालकाच्या दाराच्या खांबावर लिहिलेलं असतं. गरम टायरची हवा कधी काढू नका. मे महिन्यात 45 अंशांत आकडा वाढलेला दिसतो, लोक घाबरून हवा सोडतात, आणि पहाटे तोच टायर कमी हवेवर निघतो. नायट्रोजनच्या मागं धावायची गरज नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. पंपावरची हवा मोफत आहे, ती वेळेवर भरा.

ज्या जुन्या पिकअपमध्ये, मोटारीत सेन्सर कंपनीतूनच चाकाच्या आत बसवलेले आहेत, त्यांनी दिवा कसा लागतो ते पाहा. लागला आणि स्थिर राहिला तर हवा कमी. चालू करताच मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर बिघाड यंत्रणेतच. बहुतेकदा सेन्सरमधला सेल संपलेला असतो. तो पाच ते दहा वर्षं चालतो आणि वेगळा बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. पण तोवर दिव्याच्या भरवशावर राहता येणार नाही, दर आठवड्याला गेज लावा. आणि चाकांची अदलाबदल केली की सेन्सरची जागा नव्यानं नोंदवून घ्या, नाहीतर स्क्रीन पुढचा दाखवील आणि उतरलेला असेल मागचा.

रिंगवाल्या डिस्कमध्ये हवा भरताना रिंग उडून जे अपघात होतात, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू. नमस्कार.