रिकामं पान आणि शून्य

...पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर का, हे लातूरच्या श्रोत्यांना सांगायला नको. एका टोकाला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. विषय ‘पक्षी नोंदी कशा ठेवाव्यात’ असा दिलाय. त्याकडे येतोच, पण आधी एक तलाव सांगतो.

औसा तालुक्यातला पाझर तलाव. दर जानेवारीत आम्ही तिथं पाणपक्षी मोजायचो. थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक आणि वारकरी. कपाळावर पांढरा टिळा असलेला तो काळा वारकरी! पैठणला नाथसागरावर त्याचं नाव घेताना मला आजही भरून येतं. असो.

२०१६ चा जानेवारी. पुढं एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते वर्ष. मी शाळेतल्या दोन पोरांना घेऊन पहाटेच गेलो. बघतो तर तलावात टिपूस नाही. तळाला हातभर भेगा, मधोमध शेळ्या चरतायत. मी दुर्बीण पिशवीत घातली, वही मिटली, म्हणालो, “चला रे, आज काही नाही.” त्यातलं धाकटं पोरगं म्हणालं, “सर, पाखरं न्हाईत असं तरी लिवा की.”

मी लिहिलं नाही. ही माझी चूक, आणि ती मला अजून सलते. त्याच सप्टेंबरात धो धो पाऊस झाला, तलाव भरला, पुढच्या थंडीत बदकं उतरली. तेव्हा कुणीतरी विचारलं, दुष्काळात इथं किती होती? वही उघडली तर २०१५ नंतर थेट २०१७. तलाव कोरडा होता, की आम्ही गेलोच नाही? त्या वहीवरून परक्या माणसाला कसं कळावं?

आणि ‘काही नाही’ हेही खरं नव्हतं. त्या भेगाळ तळावर टिटवीची जोडी ओरडत होती. बांधावरच्या तारेवर वेडे राघू होते, चंडोल होते. मी बदकं शोधत होतो, म्हणून ते माझ्या लेखी पक्षीच नव्हते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की सगळे विचारतात. चिमण्या किती, हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणही लिहीत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर पद्धत भरभर सांगतो. किमान पंधरा मिनिटं बघा. जागा, तारीख, सुरुवातीची वेळ लिहा. ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहा, कावळासुद्धा, आणि संख्या लिहा. थवा मोठा असेल तर दहा-दहाचे गट धरून अंदाज करा. जात कळली नाही तर ‘बदक, जात माहीत नाही’ लिहा, ठोकून देऊ नका. घरट्याजवळ जाऊ नका. मग यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि ‘दिसलेले-ऐकलेले सगळे लिहिले का?’ तिथं खरं उत्तर द्या. यादी पूर्ण असेल तरच न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. भारतातल्या पक्ष्यांवरच्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींची स्थिती तपासली, ती तीस हजारांवर लोकांच्या अशाच नोंदींवरून. जानेवारीत पाणपक्षी गणना आहे, फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची.

उद्या सकाळी साडेसहाला त्याच तलावावर जमूया. दुर्बीण नसली तरी चालेल, वही-पेन आणा. यंदा पाणी आहे. नसतं, तरी गेलो असतो.